बोरीचा काटा

माझ्या नातीला साप चावला नव्हता. आमच्या सेक्टरात, तिच्या शाळेत, पालकांच्या मोबाईलवर आणि आता तर मंचावरच्या माइकवरूनही जे सांगितलं जातं ते खोटं आहे. तिच्या पायात बोरीचा काटा रुतला होता. मला हे त्याच दिवशी कळलं होतं आणि मी बोललो नाही. माझ्या न बोलण्यावर एक वाढलेली, जिवंत बाग जेसीबीनं उपटली गेली आणि एका शिक्षिकेच्या कपाळी असा शिक्का बसला की ती जिथे जाईल तिथे तो तिच्या आधी पोचतो. माझं वय झालं आहे, शब्द जपून वापरायची आता गरज उरलेली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी भिलाईच्या कारखान्यात होतो, पण भट्टीजवळ कधी गेलो नाही. वडील वर्ध्याकडून इथे कारकून म्हणून आले, मी नगर विभागात लागलो आणि जन्मभर बागा सांभाळल्या. चौकातली गोल हिरवळ, बंगल्यांपुढचं मेंदीचं कुंपण, रस्त्याकडेचे गुलमोहर. माणसं भिलाईला हिरवं गाव म्हणत, तेव्हा मला वाटे आपलंच कौतुक चाललं आहे. बाग म्हणजे जिथे काहीही स्वतःच्या मर्जीनं उगवत नाही अशी जागा, अशी माझी समजूत होती. आपल्या मर्जीनं जे उगवतं त्याला आमच्या खात्यात एकच शब्द होता, कचरा. पळसाचं रोप कचरा. तरोटा कचरा. ज्या रानाच्या जागी हे गाव वसलं, ते रान पावसाळ्यात भिंतीच्या फटीतून पुन्हा डोकं काढायचं आणि आम्ही माणसं लावून ते उपटून घ्यायचो.

निवृत्तीनंतर नात ज्या शाळेत होती त्या शाळेच्या समितीचा मी अध्यक्ष झालो. शाळा एका खाजगी संस्थेची. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की माणसं वकिलाकडे जातात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

शाळेमागे बांधकामाचा मलबा टाकलेली जागा होती. तिथे एका बाईंनी मुलांना घेऊन रान उभं केलं. बाई तिसरी-चौथीला शिकवायच्या. दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, नवरा रेल्वेत, राहायला चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटायच्या म्हणून मला काका म्हणत. त्यांनी मुलांना सांगितलं, सुट्टीत गावी जाल तेव्हा तिथल्या झाडाचं बी आणा, बाजारातलं नको. कुणी मोहाच्या बिया आणल्या, कुणी चारोळीच्या, कुणी तेंदूच्या, कुणी पळसाच्या शेंगा. करंज आणि अर्जुन त्यांनी स्वतः लावले. उताराच्या टोकाला मुलांनी खड्डा खणला, त्यात पावसाचं पाणी थांबायचं. छत्तीसगढीत त्याला डबरी म्हणतात. रस्त्याचे फुटके कडेचे दगड गोल मांडून करंजाखाली वर्ग तयार झाला. मधे मधे गवत सोडलेलं. आणि कुंपणाच्या बाजूला बोरी.

मी पहिल्यांदा पाहायला गेलो ते हात मागे बांधून, साहेबासारखा.

"हे तर आम्ही पगार देऊन उपटून घेत होतो," मी म्हणालो.

"म्हणूनच तर मले लावावं लागून राहिलं, काका," बाई म्हणाल्या. "तुम्ही ठेवलं असतं त माहे कष्ट वाचले असते."

मुलं हसली. मीही हसलो, पण मला ते लागलं. त्या वेळी कबूल केलं नाही.

त्या जागेत वर्ग कसा चालायचा ते मी पाहिलं आहे, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. मुलं झाडाला सुतळी गुंडाळून घेर मोजत आणि त्यातून गणित करत. सावलीच्या टोकाला खडा ठेवत, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा ठेवत, आणि दोन खड्यांमधल्या अंतरावर भांडत. डोळे मिटून किती आवाज ऐकू येतात ते सांगायचा एक खेळ होता. त्यात कुणी पोपट म्हणे, कुणी यार्डातली शंटिंग म्हणे, आणि एक मुलगा दर वेळी "बड़े सर के खर्राटे" म्हणून सगळ्यांना हसवायचा. डबरीत बेडूक आले तेव्हा कुणी आणले नव्हते, ते आपले आले. माझी नात, जी घरी पालेभाजी पाहिली की तोंड फिरवते, तिनं एकदा पिशवीभर कोवळा तरोटा आणला. इकडे त्याला चरोटा भाजी म्हणतात, बाजारात विकतात. तिनं आईकडून शिजवून घेतला आणि ताट पुसून खाल्ला.

"बाबा, पाहा न," सून मला म्हणाली. "माझ्या हातची पालक थुंकते. अन् हे कचरा खाऊन राहिली."

कचरा हा शब्द माझ्याकडूनच घरात आला होता.

मला ती जागा खुपायची. कारण स्पष्ट लिहितो. समितीनं मला सांगून ठेवलं होतं की मागची जागा एक दिवस नीट बागेसारखी करू, आणि ती तुम्हीच करून द्या. मी आराखडा काढला होता. मध्ये लॉन, कडेनं ड्युरांटाची कापलेली झुडपं, बॉटल पामची रांग, सिमेंटच्या गट्टूंची वाट. तो आराखडा सचिवांच्या खोलीत टांगलेला होता आणि मी तिथे गेलो की चहा पिताना त्याच्याकडे पाहायचो. निवृत्त माणसाला शेवटची एक बाग हवी असते. त्या बागेच्या जागेवर दुसऱ्याच कुणाचं तरी रान वाढत होतं आणि मुलं माझ्या बागेची वाट पाहत नव्हती.

मग तो दिवस. हिवाळा होता, बोरी पिकलेल्या. मुलं जेवणाच्या सुट्टीत खाली पडलेली बोरं वेचत होती. नातीनं चप्पल काढून गवतात पाय टाकला आणि किंचाळत बाहेर आली. समोर भेटले ते खेळाचे मास्तर. मास्तर उत्तर प्रदेशातले, मराठीचा गंध नाही. नात तेव्हा तिसरीत, घरी मराठी बोलणारी, शाळेत हिंदी बोलणारी, आणि घाबरली की दोन्हीची खिचडी करणारी. ती म्हणाली, "सर, काटा! पैर में काटा!"

मराठी माणसाला यात कळण्यासारखं काय आहे? पायात काटा. पण हिंदीत पायात रुततो तो काँटा, त्याच्या नाकात अनुस्वार असतो. नाक काढून टाकलं की उरतो तो काटा, म्हणजे चावला. मास्तरांनी विचारलं, "किसने काटा?" नात म्हणाली, "घास में." मास्तरांनी पाय पाहिला तर टाचेजवळ शेजारी शेजारी दोन लाल टिपके. त्यांनी तिला उचललं आणि धावत सुटले. मास्तरांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही धावलो असतो. माझा राग त्यांच्यावर नाही.

मी दवाखान्यात पोचलो तोवर शाळाभर साप झाला होता. डॉक्टर म्हणाले, सूज नाही, काही लक्षण नाही, पण धोका नको, उद्यापर्यंत ठेवून घेऊ. सून रडून रडून थकून बसली होती. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, त्याचे फोनवर फोन. नात खाटेवर पाय लांब करून रागानं लाल झालेली.

"आबा, मले काटा रुतला न," ती म्हणाली. "मी कवाची सांगून राहिले. कोणी ऐकतच नाही. सुई लावून दिली उलटी."

"कशाचा काटा?"

"बोरीचा. अजून कायचा? मीच काढून फेकला."

मी पाय हातात घेतला. बोरीचे काटे जोडीनं येतात. एक सरळ, एक आकड्यासारखा वाकलेला. सरळ काट्यानं खोल टिपका पडला होता, वाकड्यानं कातडी ओरबाडली होती. ज्या माणसानं जन्मभर बोरीची कुंपणं तोडून घेतली त्याला हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. मी ओळखलं. सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, काही नाही होत, आणि मनात पहिला विचार आला तो आराखड्याचा. तो विचार आला होता आणि मी तो हाकलला नाही.

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत समिती बसली. सचिव, प्राचार्य, दोन पालक, मी. बाईंना बोलावून उभं केलं. खुर्ची रिकामी होती, पण कुणी बसा म्हटलं नाही. मीही नाही.

एक पालक म्हणाला, "मैडम, आपको जंगल चाहिए था तो जंगल में नौकरी करतीं."

बाई शांत होत्या. त्यांनी हिंदीत सांगितलं की मी मुलीशी बोलले आहे, ती काटा म्हणते आहे, आणि आमच्या मराठीत काटा म्हणजे काँटा, चावणं नाही. सचिव हसले. "वाह, अब व्याकरण पढ़ाइए." मग बाई माझ्याकडे वळल्या. त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो.

"काका, तुमाले समजते न," त्या म्हणाल्या. "तुमची नात आहे. तुम्ही सांगा यायले काटा म्हणजे काय."

एवढंच मागितलं होतं. एका शब्दाचा अर्थ. बाग वाचवा म्हणाल्या नाहीत, मला सांभाळा म्हणाल्या नाहीत.

मी हिंदीत म्हणालो, "बच्ची डरी हुई है. पक्का कुछ कहा नहीं जा सकता."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, जणू त्यांना पाहिजे होतं ते उत्तर मिळालं. "ठीक आहे, साहेब," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा काका नाही.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. शाळा सुरू असताना आला, म्हणजे मुलांनी पाहावं असाच आला. करंज एका धक्क्यात आडवा झाला, अर्जुनाला दोन लागले. डबरीत मलबा ढकलला आणि त्यावरून यंत्र फिरवलं. बाई वर्गात फळ्यावर लिहीत होत्या आणि त्यांची सगळी मुलं खिडकीला चिकटलेली. त्यांनी मुलांना खिडकीतून हटवलं नाही. नंतर मुलं बेडूक शोधायला गेली तेव्हा मास्तरांनी त्यांना हुसकावलं, विषारी जागा म्हणून. पुढल्या सत्रात बाईंना शाळेनं बोलावलं नाही. कारण कुणी लिहून दिलं नाही, पण गावाला कारण माहीत होतं. ज्यांच्या जंगलात साप चावला त्या बाई.

आता मला हे सांगा की सापाची इतकी भीती वाटणाऱ्या पालकांपैकी एकानंही कधी का विचारलं नाही की साप कुणी पाहिला? त्यांची पोरं तिघंतिघं एका स्कूटरवर बसून, हेल्मेटशिवाय, ट्रकांच्या मधून शाळेत येतात. त्याची भीती नाही. चाळीस पोरांना पत्र्याखालच्या खोलीत एप्रिलभर कोंडतात, पोरं घेरी येऊन पडतात, त्याची भीती नाही. भीती कशाची, तर गवताची. माती लागेल, ड्रेस खराब होईल, किडा चावेल. आणि शाळेला भीती तपासणीची. कुणी मोठं माणूस येणार म्हटलं की पहिला हुकूम सफाईचा. सफाई म्हणजे जे जिवंत आहे ते काढा आणि जे मेलेलं आहे त्याला रंग द्या. हा धर्म मीच नोकरीभर पाळला, म्हणून मला त्याचे मंत्र पाठ आहेत.

माझी बाग झाली. लॉन अंथरलं, ड्युरांटा लावला, गट्टू बसवले, पामची रांग उभी केली. मुलांना आत जायची मनाई, कारण लॉन दबतं. त्यामुळे तिथे वर्ग नाही, खेळ नाही, काही नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी कमी पडलं आणि लॉन शेणासारखं वाळलं. बाईंच्या रानाला पहिल्या पावसाळ्यानंतर कुणी पाणी घातलं नव्हतं.

मग संस्थेला सुचलं ते अलीकडचंच आहे. वाळलेलं लॉन काढून त्यांनी तिथे प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली. मागच्या भिंतीवर पेंटरकडून वडाचं झाड रंगवून घेतलं, त्याच्या फांदीवर वाघ बसवला आणि वर लिहिलं, प्रकृति हमारी माता है. कडेला पाटी रोवली: कृपया घास पर न चलें. प्लॅस्टिकच्या गवतावर चालू नका. मी ती पाटी वाचून तिथेच उभा राहिलो. दुपारच्या उन्हात त्यावर पाय ठेवला तर चटका बसतो, तेव्हा पाटीची तशी गरजही नव्हती.

उद्घाटनाची फीत कापायला मला बोलावलं होतं. जुने अध्यक्ष, बागांचे जाणकार. प्राचार्य आता नवे आहेत, पण गोष्ट त्यांनाही पोचलेली. माइकवर म्हणाले की या जागी पूर्वी धोकादायक झाडी होती, आपल्या आदरणीय अध्यक्षांच्या नातीलाच सर्पदंश झाला, त्यानंतर साहेबांनी पुढाकार घेऊन हा परिसर मुलांसाठी सुरक्षित केला. टाळ्या वाजल्या. मी फीत कापली. हो, त्या दिवशीही कापली.

खाली उतरलो तर एक गृहस्थ भेटले. खुर्सीपारमधल्या एका छोट्या शाळेचे सचिव, कारखान्यातल्या आणि ठेक्यावरच्या कामगारांची मुलं तिथे शिकतात. म्हणाले, "साहब, वो मैडम अब हमारे यहाँ हैं. वही रट, पीछे की ज़मीन में जंगल लगाना है. पढ़ाती अच्छा हैं, पर मना करते-करते थक गया हूँ. रविवार को पालकों की बैठक है. आप ही आकर बता दीजिए आपकी पोती को कैसे काटा था. आपकी बात पर कोई कुछ नहीं बोलेगा."

म्हणजे मला साक्षीला बोलावत होते. त्याच बाईंविरुद्ध, त्याच शब्दावर, आणखी एकदा. मी म्हणालो, येतो.

घरी येऊन नातीला सांगितलं, रविवारी तिथे खरं काय ते सांगणार आहे. ती आता दहावीत आहे. टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती, मान वर न करता म्हणाली, "आबा, तुम्हाला माहीत आहे शाळेत मला काय म्हणतात? नागिन. तिसरीपासून. आता तर टीचर पण म्हणतात."

"तू सांगितलं नाही कधी, काटा होता म्हणून?"

आता तिनं मान वर केली. "किती बार सांगू? सगळ्यांना सांगितलं. सब बोलते हैं, तेरे दादाजी ने खुद बोला था. त्यावर मी काय बोलू? मेरे दादाजी झूठे हैं?"

मग पुस्तक मिटून म्हणाली, "मी पण येते रविवारी. तुम्ही परत पलटले तर."

सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. मग तिथूनच म्हणाली, "म्हणजे साप नव्हताच, बाबा? पोरगी सांगत होती त मी तुमचंच खरं मानलं. इतकी वर्षं नागपंचमीला दूध नेऊन राहिले." त्या रात्री तिनं मला जेवायला हाक मारली नाही, नातीकडून निरोप पाठवला.

रविवारी खुर्सीपारला गेलो. पत्र्याच्या मोठ्या खोलीत सतरंज्या, बायका मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या, मागे शिफ्ट करून आलेले बाप, काहींच्या अंगावर अजून ड्युटीचे कपडे. बाई भिंतीकडे उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी नमस्कार केला आणि चेहरा बंद करून घेतला. त्यांना वाटलं असणार, आला पुन्हा. वाटायलाच हवं होतं.

ज्यांनी बोलावलं त्या सचिवांनी माझी ओळख करून दिली. मी उभा राहिलो आणि हिंदीत म्हणालो, माझ्या नातीला सापानं चावलं नव्हतं, तिला काटा लागला होता. पण जन्मभराची जीभ. मी म्हणालो, "उसको काटा लगा था."

पुढे बसलेला एक बाप म्हणाला, "हाँ साहब, काटा था, वही तो सुना है."

"नहीं, काटा लगा था. पैर में."

"पैर में ही काटता है ना," त्याचा शेजारी म्हणाला. लोक माना हलवू लागले. सचिव समाधानानं हसले. इतक्या वर्षांनी खरं बोलायला तोंड उघडलं तर तोच शब्द तोंडातून पुन्हा साप होऊन बाहेर पडत होता.

नात उठली. "काँटा," ती म्हणाली, नाकावर बोट ठेवून. "काँ. बेर का काँटा. हमारी मराठी में नाक नहीं होती, अंकल. जिसको काटा था वो लड़की मैं हूँ, और मुझे किसी ने नहीं काटा."

कुठूनतरी हसू फुटलं. मी मध्येच हात वर केला. हसण्यावारी गेलं असतं तर माझंही निभावलं असतं, आणि मला ते नको होतं. मी सांगितलं की हे मला त्याच संध्याकाळी माहीत होतं, मॅडमनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, आणि मी जाणूनबुजून सांगितलं नाही, कारण मला तिथे माझी बाग करायची होती. त्यांची चूक काही नव्हती. चूक माझी होती आणि शिक्षा त्यांना झाली.

मागच्या रांगेतून एक म्हातारी छत्तीसगढीत म्हणाली, "काँटा गड़िस अउ तुमन बारी कटवा देव?" काटा रुतला म्हणून तुम्ही अख्खी बाग कापवली? तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. ती शेजारणीला म्हणाली, साप तर आपल्या घरात दर पावसाळ्यात निघतो, आपण काय घर पाडतो? मला मिळायला हवं होतं ते सगळं त्या एका प्रश्नात मिळालं.

सचिव चिडले. "साहब, यही बताने आए थे?" पण पालकांमधलं बोलणं आता त्यांच्या हाती राहिलं नव्हतं. बायका विचारत होत्या की चरोटा लावणार का, मोह लावणार का, सावली कधी होईल, पोरं उन्हात पत्र्याखाली भाजतात. शेवटी सचिवांनी मागच्या भिंतीलगतची पट्टी दिली, संडासामागची, जिथे पाणी साचतं म्हणून कुणाला नकोच होती. वर अट घातली, बोर लावायची नाही.

"बोर लागणारच," बाई नातीकडे पाहून मराठीत म्हणाल्या. "पोरायले चप्पल घालायला शिकवू."

बाहेर पडताना मी त्यांच्यापाशी थांबलो. म्हणालो, काही मदत लागली, आराखडा वगैरे.

"आराखडा नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथं सांगितलं ते बरं केलं. पण साप त्या शाळेत निघाला होता, साहेब. तिथं सांगा."

मी तिथे गेलो. नव्या प्राचार्यांना म्हणालो, ज्या माइकवरून तुम्ही साप सांगितला त्याच माइकवरून काटा सांगा, नाहीतर मला सांगू द्या. ते म्हणाले, "सर, पुरानी बात है, अब किसको फ़र्क पड़ता है?" फरक कुणाला पडतो ते मी सांगितलं. नातीला पडतो, तिला वर्गात नागिन म्हणतात. बाईंना पडतो. ते म्हणाले, बघू. दोनदा गेलो, दोनदा बघू. तिसऱ्यांदा शिपायानं दारातच सांगितलं की साहेब मीटिंगमध्ये आहेत, आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता. संस्थेला प्लॅस्टिकच्या हिरवळीखाली साप हवा आहे. साप असला तर ती हिरवळ सुरक्षा ठरते. काटा असला तर मूर्खपणा. तेव्हा माइक मिळणार नाही, हे मला समजलं. म्हणून इथे लिहिलं, आणि जो वाचेल त्यानं त्या शाळेत कुणी ओळखीचं असेल तर त्याला वाचून दाखवावं.

खुर्सीपारला मी आता अधूनमधून जातो. बोलावत नाहीत, पण घालवतही नाहीत. पट्टीवर करंज मुलांच्या गुडघ्याला लागले आहेत, पळसाला तीन तीन पानं फुटली आहेत, आणि बोरीला इतक्या लहानपणीच काटे आले आहेत. मुलं फुटक्या विटांवर बसून वाचतात. परवा गेलो तेव्हा बाई वर्ग घेत होत्या. मी कडेला उभा होतो. एक पोरगी एका पायावर उड्या मारत आली आणि ओरडली, "मैडम, काँटा!"

बाईंनी पुस्तकातून डोळे काढले नाहीत. "चिमटा पेटी में है, निकाल ले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता मराठीत म्हणाल्या, "इथं सगळे नाकातून बोलतात, साहेब. तुम्ही बसा."